खडपावरची तांबोशी

त्या डिसेंबरमधली ती सकाळ मी विसरायला बसलो तरी विसरणार नाही. गुन्हेगार सापडला याचं समाधान आहेच, पण त्याआधी एका निरपराध माणसाला मी स्वतःच्या सहीने कोठडीत टाकलं होतं, याची लाज अजून गेलेली नाही.

निवृत्तीनंतर दर उन्हाळ्यात तीन महिने मी जर्मनीत, गेर्लिंगेनला मुलीकडे असतो. इथे नदीत गळ टाकायचा तर आधी परीक्षा द्यावी लागते. जावई सध्या तिचा अभ्यास करतोय. परवा पुस्तकातून डोकं वर काढून त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही तर सागरी पोलीस ठाण्याला होतात. तुम्हाला माशांतलं काय कळतं?" मी म्हटलं, "खाण्यापलीकडे फार नाही. पण एकदा माशाने माझी अब्रू वाचवली." मुलगी म्हणाली, मग ते लिहून काढा. म्हणून लिहितो. नाव कुणाचंच घेणार नाही. जो दोषी ठरला त्याने शिक्षा भोगली आहे. त्याच्या मुलाबाळांना माझ्या लेखाची शिक्षा नको.

कोकणातलं बंदराचं शहर. मासेमारी जुनी आणि पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेण्याचा धंदा नवा. दोन्हींच्या बोटी एकाच खाडीच्या मुखातून बाहेर पडणार, म्हणजे कुरबुरी रोजच्याच. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. ठाण्यात सकाळी सहाला हजेरी, मग रात्रपाळीची स्टेशन डायरी वाचायची आणि त्यानंतर चहा, हा माझा नेम. त्या दिवशी चहा हातात असतानाच बंदरावरच्या हवालदाराचा फोन आला. धुक्यात एका होडीला बोटीने उडवलं, एक जण सापडला, एक बेपत्ता.

सापडलेला तरुण मूळचा तिथलाच. मेकॅनिकल इंजिनिअर, पुण्यात शिकलेला, जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला. नाताळच्या सुटीत तीन आठवडे घरी आला होता. मामाबरोबर पहाटे छोट्या पिवळ्या होडीतून गरीने, म्हणजे गळ टाकून, मासे पकडायला जायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा शौक. हा मामा त्याच्या आईचा धाकटा भाऊ. त्यानेच भाच्याला पोहायला आणि गरी टाकायला शिकवलेलं. सव्वासहाच्या सुमारास धुक्यातून एक बोट वेगाने आली, होडीच्या मध्यावर आदळली आणि न थांबता निघून गेली. तरुण एका थर्माकोलच्या तुकड्याला धरून राहिला आणि थोड्या वेळाने एका मासेमारी बोटीने त्याला उचललं. मामाचं प्रेत दहाच्या सुमारास किनाऱ्याला लागलं.

फिर्याद देताना तो एक गोष्ट ठामपणे सांगत होता. "निळी बोट, पांढरा पट्टा. मी पाहिली साहेब. त्यांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

बुडणाऱ्या माणसाला न उचलता पळून जाणं हा नुसता निष्काळजीपणा नव्हे. मी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल केला. त्याच्या आईसमोर, म्हणजे भाऊ गेलेल्या बहिणीसमोर, मी म्हणालो, "ताई, आठ दिवसांत माणूस तुमच्यासमोर उभा करतो." पोलिसाने असा शब्द देऊ नये. दिला की मग पुरावा शोधायचा सोडून माणूस शोधणं सुरू होतं.

माणूस दुपारीच मिळाला. ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने तो डायरीत शब्दशः उतरवून घेतला होता: "निळी बोट शोधताय ना? दक्षिणेच्या वाडीत जावा. तांडेलाची बोट बघा, नाळेवर नवीन खरचटलंय."

तांडेल म्हणजे बोट हाकणारा, तिचा म्होरक्या. हा तांडेल पन्नाशीचा होता. स्वतःची छोटी बोट, बायको वारलेली, एक लग्नाची मुलगी. बोट निळी, पट्टा पांढरा आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकावर, हातभर ताजा ओरखडा. मी फिर्यादीला जीपमध्ये घालून वाडीत आणलं आणि बोटीसमोर उभं केलं.

"हीच का?"

"हीच."

"नक्की?"

"गेनाऊ. हीच," तो म्हणाला. गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर', हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण शब्दातला ठामपणा कळायला भाषा लागत नाही.

इथेच माझी चूक झाली. संशयित माणसाची ओळख पटवायची तर त्याला चार-पाच सारख्या माणसांत उभं करतात, हे शिपाईसुद्धा जाणतो. मी मात्र एकच बोट दाखवली आणि 'हीच का' म्हणून विचारलं. दुःखात बुडालेला माणूस दुसरं काय म्हणणार? त्या बंदरात निम्म्या बोटी निळ्या होत्या.

तांडेलाला विचारलं, पहाटे कुठे होतास?

"दर्यात."

दर्यात कुठे?

उत्तर नाही. बरोबर कोण होतं? "एकटोच होतंय." ओरखडा कशाचा? "धक्क्याच्या दगडार घासली." कुणी पाहिलं का? "नाय." आणि पुन्हा, दर्यात कुठे? पुन्हा गप्प.

न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी दिली. पहिले दोन दिवस मी त्या माणसासमोर बसून काढले. आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. माझा एक हवालदार चौकशीत फार नावाजलेला होता. तोही हात टेकून बाहेर आला. "सर, हा दगड आहे." दोन दिवसांत तांडेलाने आपणहून एकच प्रश्न विचारला. "साहेब, माझी बोट वर ओढून ठेवल्यानी ना? भरतीक आदळात." गुन्हेगाराला स्वतःची काळजी असते, याला बोटीची, हे माझ्या ध्यानात आलं होतं. आलं, पण मी ते बाजूला सारलं. शब्द देऊन बसलो होतो ना.

दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी डबा घेऊन आली. ती बापाबरोबर समुद्रावर जायची. अपघाताच्या दिवशी मात्र तापाने घरी होती. हाताला दोरांचे घट्टे, नजर सरळ.

मी म्हटलं, "तुझ्या वडिलांना सांग, कुठे होते ते बोला. नाहीतर तुरुंगात जातील."

"बाबा सांगूचे नाय."

"तुला माहीत आहे का ते कुठे होते?"

"माका माहीत असा," ती म्हणाली. "म्हणान मी पण सांगूचंय नाय."

मला संताप आला. माहीत आहे म्हणून सांगणार नाही, हे कसलं उत्तर? पण ती गेल्यावर संताप उतरला आणि डोकं चालू लागलं. खोटं बोलायचं असतं तर बापलेकींनी कुठलीही एक जागा ठोकून दिली असती. समुद्रात कोण साक्षीदार असतो? यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचं नव्हतं. म्हणजे काहीतरी होतं जे यांना तुरुंगापेक्षा मोठं वाटत होतं.

ठाण्यात एक महिला शिपाई होती, मच्छीमार घरातली. इतके दिवस तिला आम्ही बंदोबस्त आणि टपाल यांतच अडकवून ठेवलं होतं. ती दारातून म्हणाली, "सर, त्या दिवशी त्याने मासे आणले होते. ते कोणते होते, कोणी विचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. पंचनाम्यात बोटीची लांबी होती, इंजिनचा नंबर होता, मासे नव्हते.

आम्ही दोघं मासळीबाजारात गेलो. तांडेलाचा माल नेहमी एक मावशी घ्यायची, चाळीस वर्षं त्याच फळीवर बसलेली. माझा गणवेश बघून तिने आधी कोयता पाण्यात बुडवून धुतला, मग बोलली. त्या सकाळी नऊच्या सुमारास तांडेलाने तिला तांबोशी आणि हेकरू दिले होते.

"बरं मग?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी बदलीच व्हायला हवी. "साहेब, तांबोशी आणि हेकरू काय खाडीच्या चिखलात गावतत? ह्ये खडपावरचे मासे."

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. खाडीच्या मुखाशी, जिथे होडी उडवली, तिथे सगळा चिखल आणि वाळू. तांबोशी, हेकरू असे मासे खडकाच्या कपारीत राहतात, आणि तसा खडक जवळपास कुठेच नव्हता. तांडेलाच्या इंजिनाने जायचं तर कमीत कमी दोन-अडीच तास बाहेर. मासे आदल्या दिवशीचे असतील, अशी शंका मी काढली. मावशी म्हणाली की कल्ले लाल होते, डोळे चकचकीत होते आणि एक हेकरू तर अजून तोंड हलवत होतं. सव्वासहाला खाडीच्या तोंडाशी माणूस उडवायचा आणि नऊला जिवंत हेकरू घेऊन धक्क्यावर यायचं, हे त्या बोटीला जमणारं नव्हतं.

"ते खडप आहे कुठे, मावशी?"

"ता त्याका आणि देवाक ठावक. बापाकडसून इलेला असा. अशे जागे कोण कोणाक सांगत नाय."

ठाण्यात आल्याबरोबर मी तांडेलासमोर खुर्ची ओढली आणि एवढंच म्हणालो, "तू खडपावर होतास."

तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. "लिवू नका साहेब."

मग तो बोलला, हळूहळू, शब्द मोजत. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूच्या आणखी दोन तशाच, आणि त्या रेषा मिळतात तिथे नांगर टाकायचा. त्याच्या आजोबांनी तो खडक असा शोधला होता. कागदावर कधी लिहिला नाही, यंत्रात कधी भरला नाही. "आज तुम्ही जबाबात लिवलात, उद्या ता कोर्टात जातला. परवा चाळीस बोटी थंय नांगर टाकतले. वरसभरात थंय कायएक रवाचा नाय. माझ्याकडे चेडवाक देवक दुसरा काय असा?" मुलीला द्यायला त्याच्यापाशी त्या जागेशिवाय काही नव्हतं, आणि ती जागा वाचवण्यासाठी तो खुनाचा आळ घ्यायला तयार झाला होता.

मी त्याला समजावलं की मुलीला खडक मिळेल पण बाप मिळणार नाही. तो म्हणाला, बाप असाही कधीतरी जायचाच.

वरिष्ठांना सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं: मासेवालीच्या तोंडच्या गोष्टीवर आरोपी सोडता येत नाही. एकतर जागा जबाबात घ्या आणि पंचांसह पडताळा, नाहीतर याच्यावरच दोषारोपपत्र तयार करा. कोठडीचा एक दिवस उरला होता. मी म्हटलं, साहेब, तिसरा रस्ता आहे. खरा माणूस आणतो. ते म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत.

त्या क्षणापासून मी हट्टाला पेटलो. तो खडक कागदावर येऊ द्यायचा नाही आणि त्या माणसाला तुरुंगात जाऊ द्यायचं नाही, दोन्ही.

फिर्यादी एव्हाना जर्मनीला परतला होता. मामाचे दिवस व्हायची वाट न बघता त्याला जावं लागलं, कारण तिथे राहायचा परवाना संपत होता आणि सरकारी कचेरीतला त्याचा टेर्मिन, म्हणजे दिलेली वेळ, चुकली असती तर पुढची महिनोन्‌महिने मिळाली नसती. मी दुपारी चारला त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडे सकाळचे साडेअकरा होते. कंपनीच्या कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून तो बोलत होता.

आधी केलं नाही ते आता केलं. महिला शिपाई फोन घेऊन धक्क्यावरून चालत गेली आणि एकामागून एक नऊ निळ्या बोटी त्याला दाखवल्या. तांडेलाची त्यांत पाचवी होती.

"तिसरी," तो म्हणाला. "नाही, थांबा. आल्झो... म्हणजे, सहावीपण तशीच दिसतेय. साहेब, यातली कुठलीही असू शकते." मग म्हणाला, "मी त्या दिवशी चुकीचं बोललो का? त्या काकांना आत टाकलंय ना माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे," मी म्हटलं. "एकच बोट मी दाखवली. आता डोळ्यांनी पाहिलेलं सोड. दुसरं काय आठवतं?"

"साहेब, इथे माझं कामच नॉइज आणि व्हायब्रेशनचं आहे. दिवसभर इंजिनांचे आवाज ऐकतो मी, तेवढ्याचाच पगार मिळतो. त्या बोटीचा आवाज मला रोज झोपेत येतो. सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि त्यातला एक नीट पेटत नव्हता. दर फेऱ्याला एक ठोका रिकामा जात होता. मी ते तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही रंग विचारलात."

खरंच होतं, मी रंग विचारला होता. तांडेलाच्या बोटीला दोन सिलिंडरचं जुनं इंजिन होतं. त्या बंदरात सहा सिलिंडर असत ते डॉल्फिनवाल्यांच्या वेगवान बोटींना, किंवा मोठ्या ट्रॉलरना.

बंदरात इंजिन दुरुस्त करणारे दोघंच मिस्त्री होते. पहिल्याला काही माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला, आठ-दहा दिवसांपूर्वी पर्यटकांची एक निळी बोट आली होती, इंजेक्टर खराब, एक सिलिंडर मारत नव्हता. पार्ट मागवलाय म्हटलं तर मालक म्हणाला, सीझन आहे, तशीच चालवतो. "पण आता चार दिवस बोट बंदच आहे साहेब. वर ओढून रंग देतायत."

मी आणि महिला शिपाई, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोकणात बोटी रंगवतात त्या पावसाळ्यात, मासेमारी बंद असते तेव्हा. नाताळच्या गर्दीत, एकेक फेरीसाठी मारामारी असताना, बोट वर ओढून कोण रंगवत बसेल?

तो मालक तिशीचा, चांगल्या घरचा, गळ्यात साखळी. तांडेल जितका गप्प, तितका हा वाचाळ. मी काही विचारण्याआधीच त्याने त्या सकाळी आपण कुठे होतो, कुणाबरोबर चहा घेतला, मृत मामा किती सज्जन होते आणि तांडेल कसा पहिल्यापासून बेपर्वा, हे सगळं सांगून टाकलं. मी मध्ये बोललो नाही. बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो आपल्याच पायात पाय घालून पडतो. तो दमल्यावर मी विचारलं, "डिसेंबरात रंग का दिलास?"

तो म्हणाला, पर्यटकांना नवी बोट आवडते. मी म्हटलं, मग फक्त नाळच का रंगवलीस, मागची बाजू पर्यटकांना दिसत नाही का? त्याने पाणी मागितलं. पंचांसमोर आम्ही नाळेवरचा ओला रंग पुसून काढला. खाली लाकडाच्या फटीत पिवळा रंग घट्ट बसला होता, होडीचा. आणि निनावी फोन ज्या नंबरवरून आला होता तो त्याच्या मेव्हण्याचा निघाला. धक्क्यावर तांडेलाच्या बोटीचा ओरखडा पाहून मालकालाच ही युक्ती सुचली होती.

संध्याकाळी तो रडला. धुक्यात पलीकडच्या धक्क्यावरून पर्यटक आणायला रिकामी बोट घेऊन निघालो होतो, पहिली फेरी हातची जाऊ नये म्हणून वेग घेतला, आदळल्याचं कळलं आणि घाबरून बोट तशीच पुढे दामटली. "मला वाटलं, दुसरी कुठलीतरी बोट त्यांना उचलेल." भाच्याला उचललं. मामाला कुणी उचललं नाही. दोन मिनिटं थांबला असता तर दोघंही जगले असते, असं मी त्याला म्हणालो, आणि तेच पुढे न्यायालयानेही म्हटलं.

तांडेलाला सोडण्याचा अहवाल मी दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन गेलो. त्यात मासेवालीचा जबाब होता, इंजिनची माहिती होती, रंगाचा पंचनामा होता. 'घटनेच्या वेळी सदर इसम खोल समुद्रात मासेमारी करीत होता' एवढंच मी लिहिलं. कुठे, ते लिहिलं नाही. तांडेल बाहेर आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. गणवेशात असताना, हवालदारांच्या समोर. त्याने मान हलवली आणि मुलीला विचारलं, बोट वर काढलीस ना.

महिला शिपायाचं नाव मी बक्षिसासाठी पाठवलं आणि तिला टपालातून कायमचं सोडवलं. पुढे ती तपासात माझ्याहून तरबेज झाली.

माझ्या तेहतीस वर्षांच्या नोकरीत तोवर मी एक समजूत बाळगून होतो, की निर्दोष माणूस बोलतो आणि दोषी गप्प बसतो. या प्रकरणाने ती पार उलटी करून दाखवली. त्यानंतर कुणी माझ्यासमोर गप्प बसला की मी 'काय लपवतोयस' असं विचारणं सोडलं. 'काय जपतोयस' असं विचारू लागलो, आणि पुष्कळदा उत्तर मिळालं.

फिर्यादी इंजिनिअर इथून वीस मिनिटांवर राहतो. मागच्या रविवारी बायको-मुलीला घेऊन आला होता. मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तरं जर्मनमध्ये देते. जेवणं झाल्यावर त्याने सांगितलं की गेल्या हिवाळ्यात गावी गेला असताना तो तांडेलाच्या घरी गेला. तीन वेळा वाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरला होता, चौथ्या वेळी आत गेला. पाया पडला. तांडेलाने चहा दिला, मग काही न बोलता बोटीत बसवलं आणि मामा गेला त्या जागी नेलं. दोघांनी मिळून नारळ सोडला. परतताना तांडेलाची मुलगी सुकाणूवर होती.

"मग मला जरा धीर आला," तो म्हणाला. "मी म्हटलं, काका, मनापासून माफ केलंत ना? मग एकदा तुमचं ते खडप दाखवा. हसले ते. म्हणाले, 'माफ केलंय रे. पण खडप दाखवण्याइतक्या न्हय.'"

सांगताना इंजिनिअरचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता. माझंही तेच झालं. ज्या माणसाने एका जागेसाठी चार दिवस कोठडी सोसली, त्याच्याकडे ती जागा अजून होती, आणि आता सुकाणू त्याच्या मुलीच्या हातात होतं.